दुर्मीळ बाहुल्या, भरलेले गोदाम : फंको कंपनीच्या व्हेरियंट-धोरणाचे प्रकरण

१ मार्च २०२३ रोजी अमेरिकेतील फंको या कंपनीने आदल्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीचे निकाल जाहीर केले. त्यांत तिने गुंतवणूकदारांना कळवले की, चालू वर्षाच्या पहिल्या सहामाहीत ती बराच माल मोडीत काढणार आहे आणि त्यापोटी ३ कोटी ते ३ कोटी ६० लाख डॉलरची रक्कम तिला हिशोबातून वजा करावी लागेल. मालाला गिऱ्हाईक मिळेना म्हणून तो कचऱ्यात जाणे ही खेळण्यांच्या धंद्यात नवी गोष्ट नाही. या घोषणेकडे लक्ष वेधले गेले ते वेगळ्या कारणाने. ही कंपनी दूरचित्रवाणी मालिका, चित्रपट आणि कॉमिक्समधील पात्रांच्या संग्राह्य फिगर विकते, आणि तिच्या धंद्याचा मोठा आधार 'मर्यादित आवृत्ती', 'खास आवृत्ती', 'फक्त याच दुकानात' असे सांगणाऱ्या, खोक्यावर चिकटवलेल्या गोल स्टिकरवर आहे. मिळत नाही म्हणून विकला जाणारा माल ठेवायला जागा उरत नाही, अशी वेळ का आली, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

कंपनीने स्वतः दिलेले कारण साठवणुकीचे होते: वितरण केंद्राची क्षमता आणि तिथला माल यांचा मेळ घालायचा आहे. ते खोटे नाही. मात्र इतका माल तिथे का जमला याचे उत्तर त्यात मिळत नाही. ते उत्तर बऱ्याच अंशी व्हेरियंट, म्हणजे एकाच पात्राच्या थोड्याथोड्या फरकाने काढलेल्या आवृत्त्या, तयार करण्याच्या पद्धतीत आहे असे माझे मत आहे; पुढील मांडणी त्या मताच्या आधाराने केली आहे.

साच्याचा खर्च आणि रंगाचा खर्च

फंकोची स्थापना १९९८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील स्नोहोमिश येथे माइक बेकर यांनी केली. सुरुवातीचा माल म्हणजे जुन्या जाहिरातींतील बोधचिन्हांच्या डोके डोलावणाऱ्या बाहुल्या. २००५ मध्ये ब्रायन मरिओटी यांनी कंपनी विकत घेतली आणि २०१० मध्ये 'पॉप' ही मालिका बाजारात आली. पॉपची बाहुली साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंच, व्हायनिलची, धडापेक्षा मोठ्या डोक्याची, काळ्या गोल डोळ्यांची आणि बहुतेक वेळा तोंड नसलेली असते. चेहरा जवळजवळ सगळ्यांचा सारखाच. ओळख पटते ती केस, कपडे आणि हातातल्या वस्तूवरून. रसिकांना हा आळशीपणा वाटतो, पण धंद्याच्या दृष्टीने सगळी गोम इथेच आहे. अभिनेत्याचा चेहरा हुबेहूब उतरवण्यासाठी लागणारे कसब, वेळ आणि त्या अभिनेत्याकडून होणारी फेरतपासणी यांपैकी बरेच काही या ठरावीक चेहऱ्यामुळे वाचते.

२०१७ मध्ये कंपनी भांडवल बाजारात उतरली तेव्हा तिने माहितीपत्रकात आपला हिशोब उघड केला. बहुतेक बाहुल्यांसाठी साचा, हत्यारे आणि कंपनीतील संकल्पन मिळून सुरुवातीचा खर्च ५,००० ते ७,५०० डॉलर इतकाच येतो आणि कल्पनेपासून दुकानापर्यंत माल पोहोचायला ११० ते २०० दिवस लागतात, असे त्यात म्हटले होते. खेळण्यांच्या उद्योगाच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे. ५०,००० नग काढले तर साच्याचा भार नगामागे १० ते १५ सेंट पडतो; ५,००० काढले तरी तो १ ते दीड डॉलरच्या पुढे जात नाही.

व्हेरियंट काढताना हा खर्चही पुन्हा पूर्ण करावा लागत नाही. साचा तोच राहतो, बदलते ती कारखान्यातील रंगकामाची पायरी. चकचकीत धातूसारखा रंग द्यायचा, प्लॅस्टिकमध्ये किंवा रंगात अंधारात चमकणारी पूड मिसळायची, अंगावर बारीक तंतू चिकटवून मखमलीसारखा स्पर्श आणायचा, सगळी बाहुली कृष्णधवल करायची, अंगरख्यावर रक्ताचे शिंतोडे उडवायचे, हे सगळे जुन्या साच्यावर होते. थोडा अधिक खर्च करायची तयारी असेल तर जुन्या धडावर नवे डोके बसवता येते किंवा हातातली वस्तू बदलता येते. चीन, व्हिएतनाम आणि मेक्सिकोतील कंत्राटी कारखान्यांना या कामासाठी नवे यंत्र लागत नाही. रंगाचा नवा तक्ता, रंग देताना बाकीचा भाग झाकणारे नवे मास्क आणि छपाईची नवी पट्टी एवढ्यावर काम भागते.

संग्राहकाच्या नजरेत व्हेरियंट म्हणजे दुर्मीळ वस्तू, आणि कारखान्याच्या हिशोबात तो सर्वांत स्वस्तात निघणारा नवा माल. धंद्याची ताकद आणि त्याचे दुखणे, दोन्ही याच फरकात आहेत.

मालिका हे चांगले खाद्य का ठरते

दूरचित्रवाणी मालिका या पद्धतीला चित्रपटापेक्षा अधिक सोयीची आहे, कारण मालिकेतील पात्र वर्षानुवर्षे पडद्यावर राहते, कपडे बदलते, जखमी होते, म्हातारे होते आणि मरते. त्यातील प्रत्येक अवस्था म्हणजे एक तयार आवृत्ती. 'द वॉकिंग डेड'मधील डॅरिल साधा आणि रक्ताने माखलेला, 'ब्रेकिंग बॅड'मधील वॉल्टर व्हाइट रसायने शिजवतानाच्या संरक्षक पोशाखात आणि टोपी घातलेला हायझेनबर्ग म्हणून वेगळा, अशा जोड्या त्यातूनच आल्या. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधील इलेव्हन या मुलीची गुलाबी झग्यातली, हातात वॉफल घेतलेली बाहुली निघाली तेव्हा सामान्य आवृत्तीत तिच्या डोक्यावर सोनेरी केसांचा टोप होता आणि दुर्मीळ आवृत्तीत टोप काढून तिचे केस बारीक कापलेले डोके दाखवले होते. मालिका पाहिलेल्या माणसाला हा फरक कथेतला वाटतो आणि कारखान्याला तो फक्त वेगळ्या डोक्याचा. असा दुहेरी फायदा देणारी कल्पना या धंद्यात उत्तम समजली जाते, आणि तसे समजणे रास्त आहे.

सर्वांत बोलके उदाहरण नेड स्टार्कचे. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही एचबीओची मालिका एप्रिल २०११ मध्ये सुरू झाली आणि पहिल्याच हंगामाच्या नवव्या भागात, जो नायक वाटत होता त्या नेड स्टार्कचा शिरच्छेद झाला. फंकोने २०१३ मध्ये या मालिकेच्या बाहुल्या काढल्या, त्यांत क्रमांक १ टिरियन आणि क्रमांक २ नेड स्टार्क होता. त्याच वर्षीच्या सॅन डिएगो कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या संमेलनासाठी तिने शिर धडावेगळे झालेल्या नेडची खास आवृत्ती काढली: १,००८ नग. साच्याचा पूर्ण खर्च फक्त या आवृत्तीवर टाकला असता तर नगामागे ५ ते साडेसात डॉलर पडले असते. पण धड आधीच्या बाहुलीकडून उसने मिळत असल्याने प्रत्यक्ष भार त्याहून बराच कमी असणार. आणि या बाहुलीची जी चर्चा झाली तिची किंमत कोणत्याही जाहिरातीच्या दराने मोजली तरी हा सौदा स्वस्तच ठरतो.

१,००८ हा आकडा थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. हजार का नाही? कारण, माझ्या तर्काने, १,००८ ला ६ ने, १२ ने आणि ३६ ने नि:शेष भाग जातो, आणि बाहुल्या कारखान्यातून खोक्यांच्या हिशोबाने बाहेर पडतात. म्हणजे 'मर्यादा' ठरवताना पुठ्ठ्याची खोकी विचारात घेतली गेली असावीत. याच्या अगदी उलट उदाहरण आधीच्या पिढीत सापडते.

१७०१ चा धडा

हाँगकाँगच्या प्लेमेट्स कंपनीने १९९२ पासून 'स्टार ट्रेक'च्या मालिकांतील पात्रांच्या फिगर काढल्या. प्रत्येक फिगरच्या तळपायावर अनुक्रमांक छापलेला असे, त्यामुळे मालिका पूर्ण जमवणाऱ्या संग्राहकांचा एक मोठा वर्ग या कंपनीला लाभला. १९९६ मध्ये प्लेमेट्सने 'टॅपेस्ट्री' या भागातील कॅप्टन पिकार्डची फिगर केवळ १,७०१ नगांत काढली. पाठोपाठ 'यस्टरडेज एंटरप्राइज' या भागातील ताशा यारही १,७०१ नगांतच आली. आकडा कथेतून उचललेला होता, एंटरप्राइज यानाचा नोंदणी क्रमांक एनसीसी-१७०१ आहे. या संख्येला ६ नेही भाग जात नाही. कल्पना चतुर होती, आणि हजारो लोक सगळा संच जमवत असताना तिचा परिणाम काय होणार हे कोणालाही आधीच कळले असते. संच पूर्ण होणे बहुतेकांसाठी अशक्य झाले, दुय्यम बाजारात भाव अनेक पटींनी चढले आणि संग्राहक संतापले. नंतरच्या लेफ्टनंट बार्कलेच्या फिगरची संख्या ३,००० करण्यात आली, पण ३,००० नीही मूळ अडचण सुटण्यासारखी नव्हती.

प्लेमेट्सने मुख्य मालिकेतली कडीच दुर्मीळ केली होती. फंकोने दुर्मीळता मुख्य मालिकेच्या बाजूला ठेवली, आणि ही सुधारणा जितकी साधी तितकीच महत्त्वाची आहे. शिर नसलेल्या नेडच्या खोक्यावरही क्रमांक २ च आहे. ज्याच्याकडे साधा नेड आहे त्याचा संच पूर्णच आहे, ज्याला हौस आहे त्याने दुसरा शोधावा. पुढे अनेक खास आवृत्त्यांना स्वतंत्र क्रमांकही मिळू लागले, हे खरे, आणि त्या वेळी जुन्या तक्रारी थोड्याफार परत आल्या. पण एकंदरीत फंकोने संतापाचे रूपांतर हौसेत केले, आणि ते टिकवलेही.

'चेस' आणि फुगलेल्या ऑर्डरी

संमेलनासाठी काढलेल्या आवृत्त्या हा या धोरणाचा दर्शनी भाग. रोजच्या धंद्यात खरे काम करते ती 'चेस' आवृत्ती. सामान्य बाहुल्यांच्या खोक्यांतच अधूनमधून एक वेगळ्या रंगाची किंवा रूपाची बाहुली घातली जाते. पूर्वी हे प्रमाण अनेकदा छत्तीसांत एक असे. पुढे सरासरी सहांत एक हे प्रमाण रूढ झाले. इलेव्हनची टोप नसलेली बाहुली ही अशीच चेस.

हे प्रमाण ज्या पद्धतीने दुकानदाराच्या मनावर काम करते ते समजून घेतल्याशिवाय गोदामाचा प्रश्न उलगडत नाही. समजा, छोट्या दुकानदाराने सहा बाहुल्यांचे एक खोके मागवले आणि त्यात चेस निघाली. पाच साध्या बाहुल्या तो छापील किमतीला, म्हणजे दहा-बारा डॉलरला विकेल. चेस मात्र वेगळी काढून तिपटी-चौपटीने विकेल, किंवा नेहमीच्या गिऱ्हाइकाला राखून ठेवेल. त्याचा नफा चेसमध्ये आहे, म्हणून तो खोकी चेससाठी मागवतो. त्याने मागवलेल्या प्रत्येक दुर्मीळ बाहुलीमागे पाच साध्या बाहुल्या आपोआप दुकानात येतात, आणि कंपनीच्या वहीत मात्र सहाही बाहुल्यांची मागणी नोंदवली जाते. चेस हातोहात जाते. उरलेल्या पाचांपैकी तीन गेल्या तरी दुकानदार तक्रार करत नाही, कारण त्याचा हिशोब जमलेला असतो. ही दोन-दोन बाहुल्यांची शिल्लक शेकडो मॉडेले आणि हजारो दुकाने यांनी गुणली म्हणजे बाजारात किती साधा माल तुंबतो याची कल्पना येते. वरील आकडे उदाहरणादाखल आहेत, पण यंत्रणा हीच आहे. दुर्मीळ माल हा सामान्य मालाला ओढून नेणारे इंजिन आहे असे धंद्यातले लोक मानतात. मला ते अर्धे सत्य वाटते, कारण इंजिन डबे दुकानापर्यंत नेते आणि तिथे सोडून देते, ते घरापर्यंत जातात की नाही हे कोणी पाहत नाही.

याच्या जोडीला दुकानागणिक खास आवृत्त्या. टार्गेट, वॉलमार्ट, हॉट टॉपिक, गेमस्टॉप, बॉक्सलंच अशा साखळ्यांना प्रत्येकी वेगळा रंग, वेगळा पोशाख, वेगळे स्टिकर. साखळीला यातून गर्दी मिळते आणि फंकोला एका पात्रावर चार-पाच ऑर्डरी मिळतात. संमेलनातील आवृत्त्याही कालांतराने दुकानांशी वाटून घेतल्या जाऊ लागल्या, आणि तोच माल संमेलनाच्या दालनात एका स्टिकरने, दुकानात दुसऱ्या स्टिकरने विकला जाऊ लागला. बाहुली तीच असूनही दोन स्टिकरांना दोन भाव येतात, या गोष्टीवर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसत नाही. संग्राहकाला त्यात नवल वाटत नाही.

अशा खास मालाची एक अडचण कागदावर दिसत नाही. एका साखळीसाठी काढलेला माल तिने कमी उचलला, तर तो दुसरीकडे सहजासहजी वळवता येत नाही. स्टिकर काढून टाकले तर त्याची खासियत जाते, ठेवले तर दुसरा दुकानदार तो शेल्फवर लावत नाही. साधी बाहुली हा सर्वांना चालणारा माल आहे, खास आवृत्ती एकाच गिऱ्हाइकाच्या मापाने शिवलेली असते.

मालिकेचे वेळापत्रक आणि कारखान्याचे वेळापत्रक

११० ते २०० दिवस हा वेग खेळण्यांच्या मानाने चांगला असला तरी मालिकेच्या मानाने तो मंद आहे. प्रेक्षक ज्या आठवड्यात पात्रावर जीव टाकतो त्या आठवड्यात बाहुली दुकानात नसते. नोव्हेंबर २०१९ मध्ये 'द मँडलोरियन'च्या पहिल्याच भागात दिसलेला छोटा हिरवा जीव, ज्याला लोकांनी बेबी योडा म्हटले, हे त्याचे ठळक उदाहरण. निर्माते जॉन फॅव्हरो यांनी रहस्य फुटू नये म्हणून माल आधी बनवू दिला नाही, आणि त्या वर्षीच्या नाताळात दुकानांत त्याची एकही बाहुली नव्हती. फंकोने आगाऊ नोंदणी घेतली आणि माल पुढच्या वर्षी दिला. या एका बाबतीत लोकांचे प्रेम तेवढे महिने टिकले, आणि मग हातात पेला घेतलेला, बेडूक पकडलेला, अशा आवृत्त्यांची रांग लागली.

पण प्रत्येक पात्र बेबी योडा नसते. 'गेम ऑफ थ्रोन्स' मे २०१९ मध्ये संपली, तिचा शेवट बऱ्याच प्रेक्षकांना रुचला नाही, आणि एका हंगामात ज्या पात्रांच्या पाच-पाच आवृत्त्या खपत होत्या त्यांना पुढच्या हंगामाची अपेक्षाच उरली नाही. व्हेरियंटला दीर्घायुष्य नसते. त्याची मागणी मूळ पात्राच्या मागणीवर पोसलेली असते, आणि मूळ वाळले की फांद्या आधी वाळतात. २०१९ च्या शेवटच्या तिमाहीतच कंपनीला मंद खपाच्या मालापोटी १ कोटी ६८ लाख डॉलर वजा करावे लागले होते. ही पहिली सूचना होती आणि ती पुरेशी स्पष्टही होती.

२०२० ते २०२२

महामारीमुळे २०२० मध्ये विक्री ७९ कोटींवरून ६५ कोटी डॉलरवर घसरली. मग लोक घरात बसले, मालिका पाहू लागले, छंदांवर पैसा खर्च करू लागले, आणि २०२१ मध्ये विक्री प्रथमच १०० कोटींच्या पुढे गेली. २०२२ मध्ये ती १३२ कोटींवर पोहोचली. २०१६ मध्ये हीच विक्री ४२ कोटी ६७ लाख होती हे लक्षात घेतले तर वाढीची झेप ध्यानात येते. या काळात दुर्मीळतेचे आणखी एक रूप कंपनीने आणले: ऑगस्ट २०२१ मध्ये 'टीनेज म्युटंट निन्जा टर्टल्स' या पात्रांपासून सुरू झालेल्या डिजिटल बाहुल्या. त्यांची पाकिटे विकत घ्यायची, नशिबाने दुर्मीळ कार्ड निघाले तर त्याच्या बदल्यात मोजक्या नगांची खरी बाहुली मिळवायची. व्हेरियंटसाठी आता आधी व्हेरियंटचे तिकीट काढायचे, असा हा प्रकार होता.

वाढीच्या काळात मोजमाप सैल होते. जहाजवाहतुकीचे दर आकाशाला भिडले होते, कंटेनर मिळत नव्हते, म्हणून दुकानदारांनी ऑर्डरी लवकर दिल्या आणि कारखान्यांनी माल लवकर पाठवला. मग महागाईने अमेरिकी ग्राहकाचा हात आखडला. दुकानदारांकडे आधीच तुंबलेला माल होता. त्यांनी नव्या ऑर्डरी कापल्या. जो माल समुद्रात होता तो मात्र यायचा थांबला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने वर्षाचे अंदाज खाली आणले तेव्हा तिचा शेअर एका दिवसात निम्म्याहून अधिक कोसळला. डिसेंबरात मरिओटी पुन्हा मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. वर्षअखेरीस हातातील मालसाठा २४ कोटी ६४ लाख डॉलरचा होता, आदल्या वर्षीपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त.

त्याच वर्षी कंपनीने आपले वितरण वॉशिंग्टन राज्यातून ॲरिझोनातील बकाय येथील नव्या केंद्रात हलवले होते. हे केंद्र इतके भरले की जादा माल ठेवण्यासाठी भाड्याने कंटेनर घ्यावे लागले. बाहुली बनवायला जेवढा खर्च आला त्यात आता तिला सांभाळण्याच्या भाड्याची भर पडू लागली. इथे व्हेरियंटचा एक दोष उघडा पडतो जो साच्याच्या हिशोबात दिसत नाही: साचा एक असला तरी गोदामात प्रत्येक आवृत्तीला वेगळा संकेतांक, वेगळी जागा, वेगळी मोजदाद लागते. कारखान्यात पाच आवृत्त्या म्हणजे जवळजवळ एक माल, आणि गोदामात त्या पाच माल असतात. रंगाच्या डब्याने जे काम स्वस्त केले ते शेल्फने महाग केले.

स्वस्तात का विकला नाही

हा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला आणि तो रास्त होता. मुलांच्या संस्थांना द्यायला हवा होता, असेही म्हटले गेले. हा माल प्लॅस्टिकचा, आणि तो नव्याकोऱ्या खोक्यासकट पुरण्याची कल्पना कोणालाही बोचणारी आहे.

व्यावहारिक अडचणी मात्र खऱ्या आहेत. माल दोन-तीन डॉलरला बाजारात सोडला तर दुकानदारांच्या शेल्फवरची दहा डॉलरची बाहुली अडकते, आणि त्यांच्याकडून पुढची ऑर्डर येत नाही. खास आवृत्ती सवलतीच्या टोपलीत दिसली की दुय्यम बाजारातला तिचा भाव कोसळतो, आणि हा भाव टिकेल या भरवशावरच तर लोक नवी आवृत्ती घेतात. माल उचलणे, वेचणे, पुन्हा पॅक करणे, पाठवणे यांचा खर्च स्वस्त बाहुलीच्या विक्रीतून भरून निघत नाही. शिवाय पात्रांचे परवाने बहुधा प्रदेश आणि मुदत ठरवून दिलेले असतात. मालिकेच्या हक्कधारकाच्या संमतीशिवाय माल कुठेही नेता येत नाही.

हा माल आपल्याकडे का पाठवला नाही, असे आपल्यातील एखाद्याच्या मनात येईल. भारताने खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के केले आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ते ७० टक्के झाले. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे. फुकट मिळालेला मालही मुंबईच्या बंदरात उतरेपर्यंत फुकट राहिला नसता.

तेव्हा, माल जमल्यानंतर त्याचा निकाल लावण्याचे जे मार्ग होते त्यांपैकी नष्ट करणे हा हिशोबाने सर्वांत स्वस्त होता, हे मी मान्य करतो. आक्षेप त्याच्या आधीच्या टप्प्यावर आहे. कंपनी प्रत्येक आवृत्तीची दुर्मीळता वेगवेगळी मोजत राहिली: ही १,००८ ची, ती एका साखळीपुरती, ती सहांत एक. सगळ्या आवृत्त्यांची मिळून बेरीज किती होते, आणि एका पात्रावर एका वर्षात एक संग्राहक किती वेळा पैसे काढू शकतो, ही मर्यादा कोणी आखली असल्याचे तिच्या वर्तनातून दिसत नाही. प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर शहाणपणाचा होता, आणि ५,००० डॉलरच्या साच्यापुढे नकार द्यायला कोणाकडे सबळ कारणही नव्हते. महाग साचा कंपनीला विचार करायला भाग पाडतो. स्वस्त साच्याने ती सक्ती काढून घेतली.

नंतर

कंपनीने सुमारे १० टक्के कर्मचारी कमी केले, बाजारात आणायच्या मॉडेलांची संख्या घटवण्याचे ठरवले, आणि २०२३ च्या अखेरीस मालसाठा सुमारे १२ कोटी डॉलरपर्यंत खाली आणला. विक्रीही त्या वर्षी १३२ वरून सुमारे ११० कोटींवर आली. चेसची पद्धत तशीच राहिली, आणि संमेलनांची स्टिकरेही.

एक बदल मात्र वेगळ्या दिशेचा होता. 'पॉप युवरसेल्फ' या नावाने ग्राहकाला स्वतःच्याच रूपाची बाहुली बनवून घेण्याची सोय कंपनीने आधी आपल्या दुकानांत आणि २०२३ मध्ये संकेतस्थळावरही दिली. केस, चष्मा, कपडे, हातातली वस्तू, पाळीव कुत्रा, असे तयार भाग निवडायचे आणि त्यातून एकाच नगाची आवृत्ती जुळवून मिळते. पैसे आधी येतात, बाहुली नंतर बनते, आणि गोदामात राहतात ते कुठल्याही बाहुलीला चालणारे सुटे भाग. मालिकांतील पात्रांना ही पद्धत सरसकट लावणे कठीण आहे, कारण हक्कधारकाला प्रत्येक रूप तपासून मंजूर करायचे असते आणि ग्राहकाने जुळवलेली हजारो रूपे तो तपासू शकत नाही. तरीही मंजूर भागांची मर्यादित यादी आधीच ठरवून एखादे पात्र अशा रीतीने विकणे अशक्य नाही. तसे झाले तर व्हेरियंट किती काढायचे हा निर्णय कारखान्याच्या रंगविभागाकडून ग्राहकाच्या पसंतीकडे जाईल, आणि दुकानदाराला चेससाठी पाच साध्या बाहुल्या उचलाव्या लागणार नाहीत; अर्थात मग त्याच्या नफ्याचा चांगला भागही जाईल, आणि तो या बदलाला राजी होईल असे मानायला सध्या तरी आधार नाही.